मास्टर्स स्विमिंगमध्ये नवीन रेकॉर्ड कॅटेगरी हव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक मीटला, म्हणजे स्पर्धेला, वॉर्मअप संपून हीट सुरू व्हायच्या मधल्या वेळात कोणीतरी हा विषय काढतंच की आमच्यासाठी पण वेगळं रेकॉर्ड पाहिजे यार. मी बरीच वर्षं लेनच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभा राहतोय, मधेमधे स्वतःही पोहतो, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून ऐकून हे प्रश्न पाठ झालेत. जिथे नियम आहे तिथे नियम सांगितलाय आणि बाकी माझं मत आहे, नाही पटलं तर भांडा.

प्र. मास्टर्स म्हणजे नक्की कोण आणि आत्ता रेकॉर्ड आहेत तरी किती?

वर्ल्ड ॲक्वाटिक्स, म्हणजे पूर्वीचं फिना, त्यांच्या हिशोबात २५ च्या पुढचे सगळे मास्टर्स. पाच पाच वर्षांचे ग्रुप, २५–२९, ३०–३४ असं करत करत १००–१०४ आणि त्याच्याही पुढे. अमेरिकेत १८ पासून घेतात, १८–२४ असा ग्रुप तिथे आहे पण त्याला जागतिक रेकॉर्ड नाही. मुळात हा प्रकारच तिकडे सुरू झाला, १९७० च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या अमरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली, त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नौदलातले डॉक्टर होते आणि त्यांना पडली होती ती मोठ्या माणसांच्या तब्येतीची, स्पर्धा हे फक्त गाजर होतं. त्या गाजराचं आता काय झालंय बघा. ५० मीटर पूलला वैयक्तिक १७ इव्हेंट, २५ मीटरला १८ (१०० आयएम, म्हणजे एकट्याने चारही स्ट्रोक मारायची रेस, जास्तीची), एकूण ३५, गुणिले १६ ग्रुप १०४ वयापर्यंत, गुणिले बायका आणि पुरुष, झाले ११२०. रिले यात धरलेलेच नाहीत. तर "अजून एक कॅटेगरी काढली तर काय बिघडतं" असं म्हणायच्या आधी हा आकडा डोक्यात असू द्या.

प्र. माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, मी अजून ३९ चा आहे, मला ४०–४४ मध्ये का टाकलं?

कारण वय ३१ डिसेंबरला किती होणार ते बघतात, रेसच्या दिवशी किती आहे ते नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज कोरोनेस यांनी १००–१०४ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं जागतिक रेकॉर्ड केलं तेव्हा ते ९९ वर्षांचे होते, शंभरी भरायला एप्रिल उजाडायचा होता. पेपरात ९९ वर्षांच्या आजोबांचं शंभरच्या गटात रेकॉर्ड असं आलं की लोकांना वाटतं छापायची चूक आहे. चूक नाही, नियमच तसा आहे.

(अमेरिकेत २५ यार्डच्या पूलला मात्र मीटच्या शेवटच्या दिवशीचं खरं वय धरतात. यार्ड पूलला जागतिक रेकॉर्ड नसतं त्यामुळे ते त्यांचं त्यांच्यापुरतं.)

प्र. म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्यांची चैन आहे?

आहे की. डिसेंबरवाला जवळजवळ अख्खं वर्ष ३९ चा असताना ४० च्या ग्रुपात पोहतो, जानेवारीवाला तेच वर्ष पूर्ण ४० चा होऊन पोहतो. जवळपास एका वर्षाचा फरक पडतो. पस्तिशीत हे कोणाला कळणारही नाही, ८५ च्या पुढे एक वर्ष म्हणजे खूप असतं. पण सगळ्यांना एकाच नियमाने मोजलंय आणि जन्मतारीख कोणी स्वतः निवडत नाही, म्हणून माझी तक्रार नाही. माझा वाढदिवस डिसेंबरात आहे हेही सांगून टाकतो.

प्र. पाच वर्षांचा ग्रुप फार मोठा पडतो, एकेका वर्षाचे रेकॉर्ड का नाही ठेवत?

सगळ्यात जास्त वेळा येणारी मागणी ही आणि ती वेडगळ अजिबात नाहीये. ग्रुपच्या पहिल्या वर्षी सगळे जोरात असतात, त्याला आम्ही नवीन ग्रुपात वर जाणं म्हणतो, लोक त्या वर्षासाठी ट्रेनिंग राखून ठेवतात, खांदा दुखत असला तरी ओढतात. मग चौथ्या पाचव्या वर्षी तोच माणूस म्हणतो की आता काय उपयोग, खालून नवीन पोरं आली (पोरं म्हणजे साठीची). एकेका वर्षाचं रेकॉर्ड असेल तर दरवर्षी काहीतरी हाताशी राहील हे खरंय.

आता दुसरी बाजू. २५ ते १०४ म्हणजे ८० वयं, गुणिले ३५ इव्हेंट, गुणिले २, झाले ५६००. प्रत्येक रेकॉर्डला जन्मतारखेचा पुरावा, टायमिंगचा कागद, पूलच्या मापाचा कागद आणि हे सगळं तपासणारा बसवायचा आणि तो बहुतेक वेळा पदरचा वेळ घालून करणारा असतो. शिवाय ५६०० मधले कितीतरी रकाने रिकामे राहणार किंवा एकाच माणसाने एकदाच पोहून भरलेले असणार. मला विचाराल तर ३७ व्या वर्षाचं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं रेकॉर्ड यात मला काही दिसत नाही, पण ८७ आणि ८९ यात खरंच फरक आहे. म्हणून माझं म्हणणं असं की ८५ च्या पुढे एकेका वर्षाची यादी ठेवा, अधिकृत रेकॉर्ड म्हणून नाही, त्या वयातला सगळ्यात चांगला टाइम म्हणून. कागदपत्रं कमी लागतील आणि कोणाला वाईटही वाटणार नाही.

प्र. १०० च्या पुढे नवीन ग्रुप कोण ठरवतं, कोणी पोहायला आलं की काढतात का?

जवळजवळ तसंच. कॅनडाचे जॅरिंग टिमरमन २०१४ च्या जानेवारीत १०५–१०९ या ग्रुपात पोहले, प्रत्यक्षात १०४ चे होते, फेब्रुवारीत १०५ होणार होते. त्या ग्रुपात तोवर कोणी पोहलंच नव्हतं. ५० मीटर फ्री २ मिनिटं ५२.४८ सेकंद आणि ५० मीटर बॅकस्ट्रोक ३ मिनिटं ९.५५ सेकंद. इथे कॅटेगरी आधी आणि माणूस नंतर असं नव्हतं, माणूस येऊन उभा राहिला म्हणून त्या ग्रुपला अर्थ आला आणि मला वाटतं नवीन कॅटेगरी अशीच यायला पाहिजे.

प्र. पण एकटाच पोहला आणि जागतिक रेकॉर्ड झालं, हे काय रेकॉर्ड आहे का हो?

हा प्रश्न सहसा चाळिशीतले लोक विचारतात ज्यांना स्वतःच्या ग्रुपात तिसाव्या नंबरावर यायला घाम फुटतो, त्यामुळे त्यांचा राग मी समजू शकतो. आणि आकडे बघितले तर मुद्दा आहेच. कोरोनेस यांनी ५६.१२ सेकंद लावले, त्याआधीचं रेकॉर्ड होतं १ मिनिट ३१.१९ सेकंद. ५० मीटरच्या रेसमध्ये एका फटक्यात ३५ सेकंद! तरुणांच्या स्पर्धेत ०.०३ नी रेकॉर्ड मोडलं तर हेडलाइन होते. म्हणजे जुनं रेकॉर्ड कच्चं होतं, त्या वयाला पोहणारे एवढे थोडे की खरा दमदार माणूस आला आणि सगळं पुसून गेला.

पण म्हणून कॅटेगरी फालतू ठरते का? मला नाही वाटत. कच्चं रेकॉर्ड ही सुरुवात असते, कोणीतरी भिंतीवर पहिली खूण केल्याशिवाय दुसरा उंची मोजणार कशी. माझी अट एकच आहे की पुढे कोणीतरी येऊन ते मोडू शकेल एवढी माणसं त्या दिशेने चालत असली पाहिजेत. शंभरीकडे माणसं चालतायत, दर दशकात जास्तच. उलट "डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेले पन्नाशीतले" अशी कॅटेगरी काढली (एकाने खरंच सुचवलं होतं, चहा पिताना, पण अर्धा सिरीयस होता) तर तिकडे कोणी मुद्दाम चालत जाणार नाही, नसावंच.

प्र. रिलेला वयाची बेरीज करतात ती पद्धत बरोबर आहे का?

यावर मी दोन तास बोलू शकतो, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. जागतिक नियमात चौघांच्या वयाची बेरीज, १००–११९, १२०–१५९, १६०–१९९, २००–२३९ असं पुढे. अमेरिकेत यार्ड पूलला वेगळंच, टीममधल्या सगळ्यात लहान माणसाच्या वयावर ग्रुप ठरतो, २५ च्या पुढचे, ३५ च्या पुढचे, ४५ च्या पुढचे असं.

बेरजेचा फायदा छोट्या क्लबला. चार जण मिळायची मारामार असते, एक २८ चा, एक ५५ ची, एक ६२, एक ४१, बेरीज १८६, चला १६०–१९९ मध्ये उभे राहा. लहानाच्या वयावर ठरवलं तर हीच टीम २८ मुळे २५ च्या पुढच्या ग्रुपात जाणार आणि चार विशीतल्या पोरांसमोर उभी राहणार. त्यामुळे मी बेरजेच्या बाजूचा.

लोक म्हणतात बेरजेत चलाखी करता येते, तीन तरणेबांड घ्यायचे आणि एक म्हातारा घालून बेरीज वाढवायची. करून बघा. २५, २५, २५ आणि ८५, बेरीज १६०. चार चाळिशीचे, बेरीज १६०. चाळिशीतला चांगला स्विमर पंचविशीपेक्षा फार मागे नसतो पण ८५ ला वेग जो घसरतो तो तीन पोरं मिळून भरून काढू शकत नाहीत, कारण वेग वयाबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, आधी हळूहळू आणि शेवटी धाडकन. त्यामुळे साधारण सारख्या वयाच्या टीमच रेकॉर्डला जातात, चलाखी स्वतःच फसते.

खरी गडबड वेगळीकडे आहे आणि ती कोणी बोलत नाही. एकट्याचा ग्रुप पाच वर्षांचा, मग चौघांचा २० चा पाहिजे ना? आहे ४० चा. फक्त १००–११९ तेवढा २० चा. म्हणजे सरासरी ३० ची टीम आणि सरासरी साडेएकोणचाळीसची टीम एकाच रेकॉर्डसाठी पोहतात. वरच्या वयात तर हे फारच जाणवतं, सरासरी ७० आणि सरासरी ७९ एका ग्रुपात! नवीन कॅटेगरीसाठी भांडायचंच असेल तर २८० च्या पुढे वीस वीसचे ग्रुप करा म्हणून भांडा, मी सही करायला तयार आहे. खाली नको, तिथे टीम भरपूर आहेत आणि त्यांना बेरीज जुळवता येते.

प्र. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक मारणाऱ्यांचं रेकॉर्ड वेगळं करा ना?

मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, हातांच्या एका ओढीला एकच किक. पाठ किंवा कंबर धरलेल्यांना याचा मोठा आधार आहे, डॉल्फिन किक (दोन्ही पाय एकत्र वरखाली) जमत नाही म्हणून २०० फ्लाय सोडून द्यावी लागत नाही. आता "शुद्ध" फ्लायवाले म्हणतात ही फ्लायच नाही, वेगळं काढा. मी नाही म्हणतो. ती किक हळू आहे, ती मारून कोणी तुमचा टाइम हिसकावत नाहीये, हिसकावला तर टोपी काढून सलाम करा. फ्रीस्टाइललाही तुम्ही कुठलाही स्ट्रोक मारू शकता, जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी १५०० मीटर फ्री पूर्ण केली, १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद, सगळी बॅकस्ट्रोकने. त्यांचं रेकॉर्ड फ्रीस्टाइलचंच आहे, "बॅकने मारलेली फ्री" असा रकाना कोणी काढला नाही.

प्र. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच ओट्यावरून, डाइव्ह न मारणाऱ्यांसाठी?

तेच उत्तर. ब्लॉक, काठ किंवा पाण्यातून भिंतीला ढकलून, तिन्ही स्टार्ट चालतात. तोल जातो म्हणून पाण्यातून निघणारे ५० मीटरला बरंच काही घालवतात हे दिसतं आणि वाईटही वाटतं, पण वेगळा रकाना केला की सत्तरीतला धडधाकट माणूसही पाण्यात उतरून तिकडचं रेकॉर्ड घेऊन जाईल. तुम्ही स्वतः निवडू शकता अशा गोष्टीवर कॅटेगरी काढली की हे होणारच.

प्र. २००९ च्या चकचकीत सूटवाले रेकॉर्ड वेगळे काढायचे का?

तेव्हा पॉलीयुरेथेनचे सूट होते, अंगाला रबरासारखे चिकटणारे, पाण्यात वर उचलून धरणारे. २००९ च्या रोम वर्ल्ड चॅम्पियनशिपला ४३ जागतिक रेकॉर्ड झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते बंद, आता कापडाचेच, पुरुषांना कंबर ते गुडघा आणि बायकांना खांदा ते गुडघा. जुने रेकॉर्ड मात्र ठेवले. मास्टर्सबाहेरच्या मुख्य स्पर्धेत त्यातलं जर्मनीच्या बीडरमनचं ४०० फ्रीचं ३ मिनिटं ४०.०७ सेकंद २०२५ पर्यंत टिकलं, तेव्हा कुठे जर्मनीच्याच मेर्टेन्सने ३:३९.९६ मारली.

मास्टर्सला हा प्रश्न आपोआप सुटत जातो, कारण दर पाच वर्षांनी प्रत्येक ग्रुपात नवीन माणसं येतात आणि खाली जोरात पोहलेली पिढी वर सरकते. स्टार लावून वेगळी यादी वगैरे कशाला, वेळ द्या.

प्र. माजी ऑलिंपियन आमच्या ग्रुपात येतात आणि सगळं घेऊन जातात. उशिरा पोहायला शिकलेल्यांसाठी वेगळी कॅटेगरी?

मनाने मी तुमच्याबरोबर आहे. मी स्वतः तिशीत नीट श्वास घ्यायला शिकलो. लहानपणी रोज दोनदा पूलमध्ये घातलेल्या माणसाचा पाण्याचा अंदाज वेगळाच असतो, तो वीस वर्षं सोडून आला तरी तसाच राहतो, वैताग येतो. पण उशिरा म्हणजे कधी, २० की ३० की ४०? शाळेत दोन वर्षं क्लबला गेलो होतो ते धरायचं का? आणि सिद्ध कसं करणार, जन्मतारखेचा दाखला मिळतो, "मी लहानपणी पोहलो नव्हतो" याचा दाखला कोण देणार. लगेच प्रत्येकजण उशिरा शिकलेला निघेल.

शिवाय नागाओका बाई ऐंशीच्या आसपास पोहायला लागल्या होत्या, वर त्यांचा टाइम लिहिलाय. वय वाढत जातं तसं लहानपणीचं भांडवल संपत जातं आणि कोण टिकून आहे हे महत्त्वाचं होतं. क्लबच्या पातळीवर उशिरा शिकलेल्यांसाठी बक्षीस ठेवा, जरूर ठेवा, आमच्याकडे आहे आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात.

प्र. ग्रुपच काढून टाका आणि पॉइंट द्या, वयानुसार, मग सगळ्यांची एकत्र तुलना होईल?

पॉइंटची पद्धत आहे, वर्ल्ड ॲक्वाटिक्सचा फॉर्म्युला सोपा आहे, आधारभूत टाइम भागिले तुमचा टाइम, त्याचा घन करायचा, गुणिले १०००. समजा आधार ६० सेकंद आणि तुम्ही ६६ मारली तर साधारण ७५१ पॉइंट. घन असल्यामुळे १० टक्के मागे पडलात तर २५ टक्के पॉइंट जातात, थोडं क्रूर आहे.

मास्टर्सला आधार म्हणून तुमच्या ग्रुपचं रेकॉर्ड घेतलं तर पंचाईत अशी की वर सांगितलेली कच्ची रेकॉर्डं आडवी येतात. कोरोनेस यांचे ५६.१२ जुन्या १:३१.१९ च्या आधाराने काढले तर चार हजारांच्या वर जातात, मग ४५ च्या ग्रुपातला जगातला नंबर एकचा माणूस हजारावर बसून काय करणार? क्लबच्या मजेसाठी पॉइंट मस्त, पण रेकॉर्डच्या जागी नको.

प्र. २५ मीटरची रेस का नाही, वयस्कर लोकांना बरी पडेल?

मीटमध्ये ठेवा ना, कोण अडवतंय. जागतिक रेकॉर्डसाठी मला शंका आहे, एवढ्या कमी अंतरात अर्धी रेस स्टार्टमध्येच जाते, मग पोहणं मोजलं की उडी? आणि लाँग कोर्सला (५० मीटर पूलला) १०० आयएम द्या म्हणणाऱ्यांनो, चार स्ट्रोक आणि दोन लॅप, स्ट्रोक काय मधल्या खुणेवर बदलणार का.

प्र. रिलेच्या पहिल्या माणसाचा टाइम वैयक्तिक रेकॉर्ड धरतात का?

धरतात, कारण तो गनवर निघतो. मिक्स (बायका-पुरुष एकत्र) रिलेला धरत नाहीत. बाकी तिघांचं नाही, ते उडत्या स्टार्टने, म्हणजे आधीचा येताना बघून निघतात.

प्र. अपंग स्विमरसाठी मास्टर्सच्या वेगळ्या कॅटेगरी?

पॅरा स्विमिंगमध्ये क्लास आहेत, एस १ ते एस १० शारीरिक, एस ११ ते १३ दृष्टीचे आणि एस १४ बौद्धिक. हे क्लास आणि पाच वर्षांचे ग्रुप यांचा गुणाकार केला तर खूप रकाने रिकामे राहतील हे मान्य. तरीही या मागणीला मी हो म्हणतो, कारण क्लास ठरवायची पद्धत आधीच तयार आहे, तपासणारे लोक आहेत आणि ती गोष्ट कोणी निवडलेली नाही. सुरुवातीला वयाचे ग्रुप पाचऐवजी वीस वर्षांचे धरा, गर्दी झाली की बारीक करा.

प्र. ओपन कॅटेगरीचं काय झालं?

वर्ल्ड ॲक्वाटिक्सने २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर स्विमरबद्दल धोरण आणलं, त्यात सगळ्यांना खुली अशी ओपन कॅटेगरीची कल्पना होती, २०२३ च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या वर्ल्ड कपला ती ठेवली आणि एकही एन्ट्री आली नाही. यावरून कोणाला गरजच नाही असं मी म्हणणार नाही, ज्यांच्यासाठी रकाना काढता त्यांना आधी विचारलं नाही तर तो तसाच पडून राहतो. मास्टर्समध्ये तरी सुरुवात त्यांच्याशी बोलून व्हावी.

प्र. समुद्रात, तलावात पोहण्याचे रेकॉर्ड?

प्रवाह, लाटा, वारा, एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून टाइमची तुलना चालत नाही. त्यापेक्षा अमेरिकेत एक तासाचं पोहणं असतं ते मला फार आवडतं, आपापल्या पूलमध्ये एक तास पोहायचं, कोणीतरी लॅप मोजायचे आणि अंतर कळवायचं, पूर्वी पोस्टाने पाठवायचे म्हणून पोस्टल म्हणतात. त्यात वेळ ठरलेला आणि अंतराचं रेकॉर्ड. हे जगभर काढलं तर मजा येईल.

प्र. टाइम लागला, रेकॉर्ड मिळालं नाही, असं का होतं?

कागदामुळे. पूलमध्ये सरकती भिंत असेल तर प्रत्येक वेळी माप घ्यावं लागतं, एक सेंटीमीटर कमी भरली तरी गेलं. माझ्या लेनमधल्या एका मित्राने मस्त टाइम मारली, सगळ्यांनी मिठ्या मारल्या आणि दोन महिन्यांनी कळलं की त्या सकाळी आयोजकांनी भिंत मोजलीच नव्हती. तो अजून त्या मीटचं नाव घेत नाही. नवीन कॅटेगरी मागताना हे आठवा, प्रत्येक नवीन रकान्याला एक टेप घेऊन उभा राहणारा माणूस लागतो.

प्र. नवीन कॅटेगरी सुरू झाली तर पहिलं रेकॉर्ड कोणाचं?

दोन मतं आहेत. एक, जुने टाइम शोधून लावा. दुसरं, आजपासून मोजा. जुन्यात कागद अर्धवट असतात म्हणून मी दुसऱ्या मताचा, पण एक किमान टाइम ठरवा, त्याच्या आत आलात तरच रेकॉर्ड, नाहीतर पहिल्या आठवड्यात जो कोणी सावकाश पोहून येईल तो जगात पहिला.

प्र. तुम्हाला एकच कॅटेगरी मिळणार असेल तर कुठली मागाल?

८५ च्या पुढची एकेका वर्षाची यादी, वर सांगितलीच. आमच्या ग्रुपातले एक आजोबा ८९ चे आहेत, वाढदिवस ऑगस्टमध्ये, पण त्यांना नियम तोंडपाठ, १ जानेवारीपासून आपण ९० चे. गेले दोन आठवडे मला रोज फोन करून विचारतायत की त्या दिवशी पूल चालू आहे ना, आणि टायमर कोण असणार.